खरेदीदाराचा मालक अमेरिकेच्या निर्बंध यादीत निघाला. या याद्या कोण करतं, कशावरून करतं?

गोदाकाठ
सोमवार, रात्री १०.४०

वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात मी एक्स्पोर्टचे कागद बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, मग सगळा संच बँकेत. ११ वर्षं हेच काम. आम्ही पंपाचे सुटे भाग करतो, कामगार ३८.

दोन महिन्यांपूर्वी आखातातल्या एका पार्टीला कंटेनर गेला. माल पोचला, त्यांनी पैसे भरले, भरल्याची पावती मला मेलवर आली. पैसे मात्र आलेच नाहीत. आमच्या बँकेत रोज फोन करत होते. शेवटी कळलं, की डॉलरचा व्यवहार न्यूयॉर्कमधल्या मधल्या बँकेतून येतो आणि तिथंच तो धरून ठेवलाय. परतही गेला नाही, पुढंही आला नाही. कारण असं, की खरेदीदार कंपनीत ज्याची ६० टक्के मालकी आहे तो माणूस अमेरिकी सरकारच्या निर्बंध यादीत आहे. कंपनीचं नाव यादीत नव्हतं. ते मी माल निघायच्या आधी तपासलं होतं. मालक कोण हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आमचे साहेब मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण गेल्या महिन्याचा पगार दोन हप्त्यांत झाला, आणि तो कशामुळे झाला हे मशीनवरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

काल रात्री त्या माणसाची नोंद शोधून वाचली. आफ्रिकेतल्या एका देशात लाच देऊन सरकारी कंत्राटं घेतली, दवाखान्यांसाठीचा पैसा देशाबाहेर नेला, असं कारण दिलंय. वाचून झोप उडाली. इतकी वर्षं ‘लिस्ट चेक केली’ या रकान्यात मी टिक मारत आले. त्या यादीतली माणसं तिथं का आहेत हे एकदाही बघितलं नाही.

ही यादी कोण करतं? कोर्टाचा निकाल लागतो का आधी? आणि आमच्या अडकलेल्या पैशांचं काय? कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा.


औशाचा वकील
सोमवार, रात्री ११.२५

ताई, आधी पैशांचं बोलू.

यादी अमेरिकेच्या अर्थखात्याचं ओफॅक नावाचं कार्यालय ठेवतं. त्यांचा एक नियम आहे: यादीतल्या एका किंवा अनेक माणसांची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी ज्या कंपनीत असेल, ती कंपनीही आपोआप निर्बंधांखाली येते. तिचं नाव यादीत छापलेलं नसलं तरी. तुमची पार्टी त्यात सापडली. पैसे ‘ब्लॉक’ झालेत, म्हणजे गोठलेत, जप्त झालेले नाहीत. मालकी बदलत नाही, फक्त हलवता येत नाहीत. ते सोडवून घ्यायला ओफॅककडे परवान्याचा अर्ज करता येतो, ऑनलाइन होतो, आणि व्यवहारात ज्याचा हितसंबंध आहे तो कुणीही करू शकतो. करार, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, पेमेंटची पावती, मालकी आधी माहीत नव्हती हे दाखवणारे मेल, सगळं लावा. वेळ लागेल, महिने लागतील, मिळेलच असंही नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. ती पार्टी उद्या म्हणेल, ‘पैसे दुसऱ्याच्या नावानं पाठवतो, दिरहममध्ये देतो.’ हो म्हणू नका. आज तुम्ही यात अजाणतेपणी सापडलेल्या आहात. उद्या ते म्हणणं टिकणार नाही.

आता यादीचं. कोर्टाचा निकाल लागत नाही. हा फौजदारी खटला नव्हे, सरकारचा प्रशासकीय निर्णय आहे. याद्या बऱ्याच आहेत: अतिरेकी, अंमली पदार्थ, अमुक देश, तमुक देश. तुम्ही म्हणता ती बहुधा ‘ग्लोबल मॅग्निट्स्की’ची. २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेनं तो कायदा केला आणि २० डिसेंबर २०१७ च्या आदेशानं तो लागू केला. जगातल्या कोणत्याही देशातला माणूस, गंभीर मानवी हक्कभंग किंवा मोठा भ्रष्टाचार, ही दोन कारणं. परिणामही दोन: अमेरिकेत प्रवेश नाही, आणि तिथली मालमत्ता व बँकव्यवहार गोठतात. जगाचा बराचसा व्यापार डॉलरमध्ये चालतो म्हणून त्याची झळ वाळूजपर्यंत येते.


मानवतचा मोंढा
मंगळवार, सकाळी ७.१०

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्या कापसाच्या धंद्यात बी असलं यायलंय आता. आमी रुईच्या गाठी देतो. पहिलं कसं होतं, मॉइश्चर बगा, स्टेपल बगा, ट्रक भरा. आता सूतगिरणीवाला विचारतोय गाठ कोणत्या जिनिंगची, कापूस कोणत्या गावचा. म्हणलं कामून? तर म्हणे पुढं कपडा अमेरिकेला जातो, तिथं चीनच्या शिंजियांगचा कापूस चालत नाही, आपला तिथला नाही हे कागदावर दाखवावं लागतं.

हे त्याच कायद्यातलं का दुसरं, वकीलसाहेबांनी सांगावं. पण मी पोराला विचारून घेतलं की तिथं झालंय काय. उइगुर म्हणून लोक हायेत, त्यांच्याकडून जबरदस्तीनं कापूस वेचून घेतात म्हणे. आपल्याकडं वेचणीला बाया सकाळी येतात, संध्याकाळी किलोवर पैसे घेऊन जातात. भाव पटला नाही तर दुसऱ्याच्या रानात जातात. त्यान्ला तसं जाता येत नसंल तर मग ते वाईट हाय. कागद मागू द्या. मी देतो.


औशाचा वकील
मंगळवार, सकाळी ९.०५

मोंढाभाऊ, दोन्ही आहे. शिंजियांगमध्ये एक निमलष्करी महामंडळ आहे, शेती, कारखाने, वसाहती सगळं चालवतं, आणि तिथल्या कापसाचा मोठा वाटा त्याच्या हाताखालचा. ३१ जुलै २०२० ला अमेरिकेनं ते महामंडळच ग्लोबल मॅग्निट्स्कीखाली यादीत टाकलं. त्याच महिन्यात आधी प्रांताचा पक्षसचिव चेन क्वांगुओ. नंतर वेगळा कायदा आला, जून २०२२ पासून लागू. त्यात ओझं उलटं आहे: शिंजियांगचा माल हा वेठबिगारीचाच धरायचा, तसा नसेल तर आयात करणाऱ्यानं सिद्ध करायचं. तुमच्याकडे कागद येतात ते या दुसऱ्या कायद्यामुळे.


जुना बाजार
मंगळवार, दुपारी १.३०

सगळे अमेरिकेच्या कायद्याचं कौतुक करताहेत म्हणून लिहितो. मला हा प्रकार पटत नाही.

सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांचा खून २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात झाला. नोव्हेंबरात अमेरिकेनं १७ सौदींवर निर्बंध लावले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच गुप्तचर अहवालानं सांगितलं, की ही कारवाई युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी मंजूर केली होती. युवराज यादीत आले? नाही. तेल आणि शस्त्रांचा व्यवहार ज्याच्याशी आहे त्याला सोडायचं आणि हुकूम पाळणाऱ्यांना धरायचं.

इराकमधल्या अबू घरैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचं जे केलं त्यासाठी कुणी कुणाची खाती गोठवली? आणि आता तर हत्यार उलटंच फिरतंय. जुलै २०२५ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेक्सांद्रे द मोराएस यांना याच कायद्याखाली यादीत टाकलं. का? तर ते माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंचा खटला चालवत होते. हंगेरीचे मंत्री अंताल रोगान यांना जानेवारी २०२५ मध्ये भ्रष्टाचारासाठी यादीत घातलं आणि एप्रिलमध्ये, वॉशिंग्टनमधलं सरकार बदलल्यावर, काढलंही. तीन महिन्यांत तो माणूस धुतल्या तांदळासारखा झाला का?

ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढाच याचा अर्थ. कारखान्यातल्या ३८ माणसांचा पगार अडकला तो त्या पारध्याच्या हिशेबात कुठंच नाही.


बेगमपुरा
मंगळवार, रात्री ९.१५

मी विद्यापीठात संशोधन करतो. आमच्या गल्लीत सुदान, येमेनचे विद्यार्थी वर्षानुवर्षं राहत आलेत, औरंगाबादकरांना हे नवीन नाही. माझा खोलीसोबती सुदानचा आहे, पश्चिमेकडच्या दार्फुर भागातला.

जुना बाजार यांचा राग मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला की राग बरोबर आहे, पण त्यांनी दोन प्रकारच्या निर्बंधांतला फरक बघितला पाहिजे. सुदानवर १९९७ पासून २०१७ पर्यंत अमेरिकेचे देशव्यापी निर्बंध होते. त्याचा मोठा भाऊ शिकायला बाहेर पडला तेव्हा फी बँकेतून पाठवता येत नव्हती, कोण प्रवासाला निघालं की त्याच्या हाती नोटा द्यायच्या. औषधं महाग. आणि ज्या राजवटीसाठी हे सगळं होतं, ती राजवट तशीच बसलेली. गावातला एक चोर पकडायचा म्हणून अख्ख्या गावाची वाट बंद करायची, तसं.

नाव घेऊन लावलेले निर्बंध हे त्यावरचं उत्तर म्हणून आले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं दार्फुरमध्ये वंशसंहार झाला असं जाहीर केलं आणि तिथं लढणाऱ्या निमलष्करी दलाचा प्रमुख हेमेदती याच्यावर निर्बंध लावले, सोबत अमिरातीतल्या ७ कंपन्यांवरही. हे सुदानसाठीच्या वेगळ्या आदेशाखाली होतं, मॅग्निट्स्की नव्हे, पण जात तीच. मी विचारलं, याचा उपयोग काय झाला, लढाई तर थांबली नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘माझ्या आईनं त्याचं नाव रेडिओवर ऐकलं, आणि त्याच्या नावापुढं काय केलं ते ऐकलं.’ त्यापुढं काही बोलला नाही.


गोदाकाठ
बुधवार, रात्री ११.५०

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, अर्ज करायचं साहेबांनी ठरवलंय. कागद मी जमवतेय.

कायद्याला मॅग्निट्स्की नाव का, हे शोधत दोन रात्री वाचत बसले. ते इथं लिहिते, कारण ज्यांचं काम कागदांचं आहे त्यांना हे लागेल.

सर्गेई मॅग्निट्स्की हे मॉस्कोतले करसल्लागार. बऱ्याच ठिकाणी वकील म्हणून लिहिलंय, पण त्यांचं काम हिशेबाचं आणि कराचं. हर्मिटेज नावाच्या गुंतवणूक कंपनीचं काम त्यांच्या फर्मकडे होतं. जून २००७ मध्ये पोलिसांनी छापे घातले आणि हर्मिटेजच्या तीन कंपन्यांचे शिक्के व मूळ कागद उचलून नेले. काही महिन्यांनी लक्षात आलं, की त्याच कागद-शिक्क्यांवर या कंपन्या परस्पर दुसऱ्याच लोकांच्या नावावर झाल्यात. मग नव्या मालकांनी खोटी देणी दाखवली, नफा शून्य केला आणि आधी भरलेला कर परत मागितला. ५.४ अब्ज रूबल, साधारण २३ कोटी डॉलर. अर्ज मंजूर झाला २४ डिसेंबर २००७ ला, एका दिवसात.

रिफंड एका दिवसात! जीएसटीच्या रिफंडसाठी ज्यांनी ताटकळत महिने काढलेत त्यांना यातली मेख लगेच कळेल. मॅग्निट्स्कींनाही कळली. त्यांनी धागा धागा जोडला आणि २००८ मध्ये अधिकाऱ्यांची नावं घेऊन जबाब दिला. २४ नोव्हेंबर २००८ ला त्यांनाच अटक झाली, करचुकवेगिरीच्या आरोपात. जामीन नाही. तुरुंगात पित्ताशयाचे खडे आणि स्वादुपिंडाचा दाह निघाला. शस्त्रक्रिया, तपासण्या मिळाल्या नाहीत. ते तक्रारअर्ज लिहीत राहिले. कोठडीतून, हातानं, तारीख घालून, कोणत्या दिवशी कोणत्या अधिकाऱ्याला काय मागितलं आणि काय उत्तर आलं ते सगळं. १६ नोव्हेंबर २००९ ला, ३५८ व्या दिवशी, ते मातरोस्काया तिशिना तुरुंगात वारले. वय ३७.

रशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्याच मानवी हक्क परिषदेनं २०११ मध्ये म्हटलं, की उपचार नाकारले गेले आणि मारहाणही झाली असावी. त्यासाठी तिथं कुणाला शिक्षा झाली नाही. उलट २०१३ मध्ये न्यायालयानं मॅग्निट्स्कींनाच दोषी ठरवलं. मेलेल्या माणसाला. त्यांची आई आणि बायको युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात लढल्या, आणि २०१९ मध्ये रशियाविरुद्ध निकाल लागला.

घरात न्याय मिळत नाही म्हणून मग तो बाहेर मागितला गेला. १४ डिसेंबर २०१२ ला अमेरिकेत कायदा झाला, रशियापुरता, या प्रकरणातल्या आणि तिथल्या तशाच हक्कभंगांतल्या माणसांसाठी. रशियानं लगेच त्याच महिन्यात अमेरिकी कुटुंबांना रशियन अनाथ मुलं दत्तक घ्यायला बंदी केली. मोठ्यांच्या भांडणात ती लेकरं आली, हे वाचून पोटात तुटलं. चार वर्षांनी तोच कायदा सगळ्या जगासाठी रुंदावला.

एका माणसानं तारीख घालून लिहिलेल्या अर्जांवर हे सगळं उभं आहे. मी ज्या रकान्यात टिक मारते त्याच्या तळाशी ते अर्ज आहेत.


औशाचा वकील
गुरुवार, सकाळी ८.२०

ताई, छान लिहिलंत. एक भर घालतो, कारण उद्या कुणी अर्धवट ऐकून वाद घालेल. २०१९ च्या त्या निकालात न्यायालयानं असंही म्हटलं, की मूळ अटकेला वाजवी संशयाचा आधार होता. कोठडी पुढं लांबवणं, उपचार, मारहाण, तपासातली हयगय आणि मृत्यूनंतरचा खटला, या सगळ्यात मात्र रशिया दोषी ठरला. पूर्ण निकाल वाचला तरी आईची बाजू उणी पडत नाही.

जुना बाजार यांच्या मुद्द्यावर. निवड राजकीय असते, नाकारत नाही. पण म्हणून प्रत्येक नोंद खोटी ठरत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये कराचीचे पोलीस अधिकारी राव अन्वर यादीत आले. अमेरिकी अर्थखात्याच्या म्हणण्यानुसार १९० हून जास्त चकमकींत त्यांचा सहभाग, ४०० हून जास्त मृत्यू. जानेवारी २०१८ मध्ये नकीबुल्लाह मेहसूद या तरुणाला मारलं आणि अतिरेकी म्हणून दाखवलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. तो तर मॉडेलिंगची हौस असलेला साधा मुलगा. २०२३ मध्ये कराचीच्या न्यायालयानं राव अन्वर यांना निर्दोष सोडलं. तिथल्या कागदावर ते निर्दोष. यादीतली नोंद तेवढी वेगळं सांगते.

दुसरं, बांगलादेश. १० डिसेंबर २०२१ ला रॅपिड ॲक्शन बटालियन हे तिथलं विशेष पोलीस दल आणि त्याच्या आजी-माजी अधिकाऱ्यांवर निर्बंध आले. तिथं ‘क्रॉसफायर’ म्हणतात, आपल्याकडे एन्काउंटर. त्यानंतर क्रॉसफायरचे मृत्यू एकदम खाली आले, हे तिथल्याच मानवी हक्क संघटनांनी नोंदवलं. कायदा तोच, पोलीस तेच. आपलंही नाव वर येईल, मुलगा बाहेर शिकतो त्याचा व्हिसा जाईल, ही भीती तेवढी नवी होती. मी फौजदारीत २२ वर्षं काढली. चकमकीच्या प्रकरणात मयताचा बाप कोर्टाच्या व्हरांड्यात कसा बसतो ते मी बघितलंय. बांगलादेशात काही बापांवर ती वेळ आली नाही. माझ्या लेखी हे फार मोठं आहे.


तेरणाकाठ
गुरुवार, सायंकाळी ६.००

मी निवृत्त शिक्षक. इतिहास शिकवला. या विषयात आपल्या मराठवाड्याला बोलायचा हक्क आहे, म्हणून लिहितो.

कासिम रझवी लातूरला वकिली करत होता. रझाकारांचा म्होरक्या. त्या काळात गावोगावी काय झालं, हे ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी सांगितलं त्यांना मी नव्यानं सांगायला नको. माझ्या आजोबांचं घर जळालं, धान्याच्या पेवासकट. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलं. रझवीला शिक्षा झाली, १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. कराचीत १९७० मध्ये वारला. लहानपणी मी आजोबांना विचारायचो, तो तिकडं काय करतो? ते म्हणायचे, ‘करत असेल संसार.’ त्यांच्या आवाजात राग नसायचा, आणि तेच मला सहन व्हायचं नाही. सीमा ओलांडली की केलेलं पुसलं जातं, हे आम्ही बघितलंय.

आणि दुसरी गोष्ट त्याच सप्टेंबरातली. पोलीस कारवाई चालू असतानाच्या दिवसांत निजामाच्या सरकारचे १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले. काही दिवसांतच निजामानं ते परत मागितले, बँकेनं दिले नाहीत. कुणाचे ते ठरेना, म्हणून पैसे तिथंच राहिले. ७१ वर्षं. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या उच्च न्यायालयानं पाकिस्तानचा दावा फेटाळला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं निकाल दिला. तोवर त्याचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. हा मालकीचा दावा होता, निर्बंध नव्हते, दोन्हींची सरमिसळ मी करत नाही. पण गोठलेला पैसा म्हणजे काय, हे त्यातून दिसतं. ज्या रयतेच्या शेतसाऱ्यातून तो जमला, त्या रयतेची बाजू त्या खटल्यात नव्हती. परभणी, बीड, धाराशिवच्या कुळांना त्यातला पै मिळाला नाही.

मॅग्निट्स्कीच्या कायद्यातही मला हीच उणीव दिसते. चोराचे पैसे अडवले, चांगलं केलं. ज्याचे चोरले त्याच्यापर्यंत ते परत कसे जाणार?


सिंदफणा
गुरुवार, रात्री ८.४०

गुरुजी, शेवटच्या वाक्यासाठी नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांसोबत काम करते. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर आलं, की जिल्ह्यातल्या १३ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली आहे. पाळीत खाडा नको, खाड्याला मुकादमाचा दंड नको, म्हणून पंचविशीत, तिशीत ऑपरेशन. अहवाल आला, बातम्या आल्या. कोयते याही दिवाळीनंतर कारखान्याकडं निघाले.

इथं परदेशातल्या माणसांवर निर्बंधांची चर्चा वाचताना मला सारखं वाटत होतं, की आपल्या पट्टीनं आपल्यालाही कुणी मोजलं तर? मोंढाभाऊ म्हणाले की आपल्याकडं बाया दुसऱ्याच्या रानात जाऊ शकतात. वेचणीला जाऊ शकतात, खरंय. उचल घेतलेली तोडणीची जोडी नाही जाऊ शकत. उचल फिटेपर्यंत नाही.

मी निर्बंधांच्या विरोधात नाही. शिंजियांगचा कापूस अडवला जातो हे मला मनापासून पटतं. पण तीच नजर आपल्या फडावर पडली तर ‘परकी ढवळाढवळ’ म्हणून ओरडू नये एवढंच.


मानवतचा मोंढा
गुरुवार, रात्री ९.३०

ताई, चुकलं माझं. उचलीचं ध्यानात नव्हतं. माझ्या सख्ख्या मामाची पोरं तोडणीला जातात, तरी ध्यानात नव्हतं.


नांदेडचा, सध्या दुबई
शुक्रवार, दुपारी २.५०

पंधरा वर्षं दुबईत अकाउंट्सचं काम करतोय. एक बाजू कुणी मांडली नाही ती मांडतो. नावांची.

देगलूर नाक्याजवळचा माझा एक दोस्त, इथं एसी मेकॅनिक. दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. त्याचं नाव असं, की आखातात प्रत्येक गल्लीत दोघं तरी सापडतील. यादीतल्या कुणाशी तरी ते जुळतं. एक्स्चेंजमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी त्याचे पैसे थांबतात. पासपोर्ट दाखव, जन्मतारीख दाखव, बापाचं नाव सांग. बहिणीच्या लग्नाच्या आठवड्यात असंच थांबलं होतं. जन्मतारीख वेगळी, देश वेगळा, तरी तीन दिवस गेले. तीन दिवस त्यानं काय ऐकलं असेल घरून!

आणि ज्यांची नावं खरंच यादीत आहेत त्यांच्याकडं वकील असतात. गुप्ता बंधूंचंच घ्या. सहारनपूरचं कुटुंब, दक्षिण आफ्रिकेत जाऊन राष्ट्राध्यक्ष झुमांच्या इतकं जवळ गेलं की मंत्रिपद कुणाला द्यायचं ते यांच्या घरी ठरायचं असे आरोप झाले. तिथल्या झोंडो चौकशी आयोगानं खंडच्या खंड लिहिले त्यावर. गरीब शेतकऱ्यांच्या दूधप्रकल्पाचा पैसा घरच्या लग्नात गेला हाही त्यातलाच आरोप. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेनं अजय, अतुल, राजेश तिघांना यादीत घातलं, एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटननं. २०२२ च्या जूनमध्ये राजेश आणि अतुल यांना इथं दुबईत अटक झाली. आम्हाला वाटलं आता जातील. २०२३ मध्ये इथल्या न्यायालयानं प्रत्यार्पण नाकारलं.

माझ्या दोस्ताचे १२०० दिरहम जितक्या सहज थांबतात तितक्या सहज त्यांचं काही थांबलेलं मी बघितलं नाही.


औशाचा वकील
शुक्रवार, रात्री १०.१०

गुप्तांचा विषय निघालाच आहे तर भारताचं सांगतो. जून २०१९ मध्ये त्यांच्या घरची दोन लग्नं उत्तराखंडात औलीला झाली, २०० कोटींची म्हणून गाजली. कचरा आणि पर्यावरणाच्या मुद्द्यावरून हायकोर्टात प्रकरण गेलं. चारच महिन्यांनी अमेरिकेचे निर्बंध आले. दुसऱ्या देशातल्या लोकांचा पैसा लुटल्याचा आरोप असलेला परदेशी नागरिक भारतात खर्च करत असेल, तर तेवढ्या कारणानं त्याची खाती गोठवायचा, नाव आणि कारण जाहीर करायचा कायदा आपल्याकडे नाही. २०१८ चा फरार आर्थिक गुन्हेगार कायदा आहे, पण तो इथं १०० कोटी किंवा जास्तीचा गुन्हा करून बाहेर पळालेल्यांसाठी. मल्ल्या, नीरव मोदी त्यात आले. गृहखाते परदेशी माणसाला काळ्या यादीत टाकून व्हिसा नाकारू शकतं, पण ती यादी आणि त्यामागचं कारण लोकांसमोर येत नाही. दुसऱ्या देशांनी एकतर्फी लावलेले निर्बंध आपण मानत नाही, संयुक्त राष्ट्रांचे तेवढे मानतो. जुनं धोरण आहे.

कॅनडानं २०१७ मध्ये कायदा केला. ब्रिटननं जुलै २०२० मध्ये मानवी हक्कांसाठी आणि एप्रिल २०२१ मध्ये भ्रष्टाचारासाठी. युरोपीय संघानं डिसेंबर २०२० मध्ये केला, पण फक्त मानवी हक्कांसाठी. ऑस्ट्रेलियानं २०२१ च्या अखेरीस. ब्रिटनची रीत मला त्यातल्या त्यात बरी वाटते: संशयाला वाजवी आधार पाहिजे, आणि ज्याचं नाव घातलं त्याला कोर्टात जाता येतं.


जुना बाजार
शनिवार, सकाळी ११.००

वकीलसाहेब, बांगलादेशचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी दोन दिवस विचार करतोय. माझा मुद्दा मी सोडत नाही. न्यायमूर्तीचं नाव ज्या यादीत जाऊ शकतं त्या यादीवर मी आंधळा विश्वास ठेवणार नाही. पण क्रॉसफायर थांबले असतील तर ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढाच याचा अर्थ’ असं मी म्हटलं होतं ते जास्त झालं.

भारतानं असा कायदा करावा का? केला तर कारण लेखी द्यावं, ते छापावं, आणि अपिलाची सोय पहिल्या कलमात असावी. आणि दुबईवाल्या भाऊंच्या दोस्तासारख्या माणसाला २४ तासांत मोकळं करायची जबाबदारी बँकेवर असावी.


बेगमपुरा
शनिवार, दुपारी ४.२०

गुरुजींच्या प्रश्नावर: चोरलेले पैसे परत जाण्याचा मार्ग निर्बंधांतून जात नाही, त्यासाठी जप्तीचा खटलाच लागतो. गांबियाचे माजी हुकूमशहा याह्या जामेह २०१७ च्या पहिल्याच यादीत होते. त्यांचं अमेरिकेतलं, मेरीलंडमधलं ३५ लाख डॉलरचं घर जप्त झालं ते २०२२ मध्ये, वेगळ्या न्यायालयीन कारवाईत. म्हणजे यादी झाल्यावर पाच वर्षांनी.

माझ्या सोबत्यानं एक विचारलंय. गावातल्या लोकांकडे फोटो आहेत, तारखा आहेत, गाड्यांचे नंबर आहेत. ते कुठं द्यायचे?


औशाचा वकील
शनिवार, सायंकाळी ७.४५

अमेरिकेच्या मूळ कायद्यातच लिहिलंय, की मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांनी दिलेली विश्वासार्ह माहिती सरकारनं विचारात घ्यावी. अशा संस्था फाईल तयार करायला मदत करतात. त्यांना सांगा, मूळ फोटो कुणालाही फॉरवर्ड करू नका, तसेच ठेवा, प्रत द्या. कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, हे वेगवेगळं लिहा. साक्षीदारांची नावं वेगळ्या कागदावर, सुरक्षित जागी. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजानं घालू नका, ‘पावसाच्या आधी’, ‘ईदनंतर’ असं जसं आठवतं तसं लिहा. खोटी ठरलेली एक तारीख दहा खऱ्या तारखांना खाते. हे मी लातूरच्या कोर्टात शिकलो, तिकडंही चालेल.

व्यक्तिगत संदेशात फोन नंबर पाठवतो. रविवारी बोलू.


गोदाकाठ
रविवार, रात्री १०.१५

अर्ज काल गेला. ४१ पानं झाली. पोचपावती आली आहे.

साहेबांनी विचारलं, पुढच्या पार्टीला काय करायचं? मी एक फॉर्म केलाय, खरेदीदाराकडून मालकांची नावं आणि कुणाचा किती टक्के हिस्सा ते लेखी घ्यायचा. दोघांनी लगेच भरून पाठवला. एका जुन्या पार्टीनं, आठ वर्षं माल घेणाऱ्या, ‘हे विचारायचं कारण काय’ म्हणून उलट मेल केलाय. त्यांचा कंटेनर बुधवारी न्हावाशेव्याला जायचा होता. साहेब म्हणाले, फॉर्म येईपर्यंत थांबव. मशीनवरच्या लोकांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की का थांबवलाय.

बेगमपुरा, तुमच्या सोबत्याला टायपिंगला किंवा कागद लावायला मदत लागली तर मी रविवारी मोकळी असते. वाळूजहून शहरात यायला मला पाऊण तास लागतो.